पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे: ग्रामसंघाच्या शीटला कुलूप लावताना

ऑक्टोबरच्या बैठकीत आक्कांनी विचारलं, "दर महिन्याला हजार भरतीया मी. मग व्याज का उतरंना?"

बैठकीला बसलेल्या कुणालाच लगेच उत्तर देता आलं नाही. मलाही नाही, आणि उत्तर द्यायचं काम माझं होतं. मी ग्रामसंघाची, म्हणजे गावातल्या सगळ्या बचत गटांच्या संघाची, लेखनिक. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात १४ बचत गट आहेत, मिळून १५२ सभासद. प्रत्येक गटाची स्वतःची लेखनिक वही लिहिते, आणि त्या सगळ्या वह्यांचा गोषवारा महिन्याच्या महिन्याला ग्रामसंघात यायला लागतो. पूर्वी मी १४ वह्या घरी आणून रात्री बेरजा करायचे. मग एप्रिलपासून आम्ही गूगल शीट सुरू केलं. प्रत्येक गटाला एक टॅब, म्हणजे शीटमधलं वेगळं पान, शेवटी गोषवाऱ्याचा टॅब, आणि प्रत्येक लेखनिकेने आपल्या मोबाईलवरून आपल्या गटाचे आकडे भरायचे. कामाचा भार खरोखर हलका झाला होता. म्हणूनच आक्कांच्या प्रश्नाने मला जास्त लागलं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय, कारण सामायिक शीटमध्ये सेल, म्हणजे आकडे लिहायच्या चौकटी, लॉक कसे करायचे हे कुणीही दोन मिनिटांत दाखवतं. कोणता सेल कुणासाठी लॉक करायचा, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तो निर्णय आम्ही एकदा साफ चुकवला.

आधी शीटची मांडणी. टॅबमध्ये एका सभासदाला एक ओळ. पहिल्या रकान्यात नाव, पुढे १ एप्रिलची कर्जाची बाकी, वर्षात नवं कर्ज दिलं असेल तर ते, मग एप्रिल ते मार्च असे मुद्दल परतफेडीचे १२ रकाने, त्यानंतर एकूण परतफेड, शिल्लक कर्ज, आणि सगळ्यात उजवीकडे पुढच्या बैठकीत घ्यायचं व्याज. आमच्या गटांत अंतर्गत कर्जाला महिना २ टक्के व्याज आहे, शिलकीवर. शिल्लक आणि व्याज हे दोन्ही रकाने सूत्रांवर चालायचे. लेखनिकेने फक्त परतफेड लिहायची, बाकी शीट काढणार.

आक्कांनी म्हशीसाठी डिसेंबरात २०,००० घेतले होते आणि जानेवारीपासून दरमहा १,००० मुद्दल फेडत होत्या. एप्रिलच्या सुरुवातीला बाकी १७,०००, जूनअखेर १४,०००. म्हणजे जुलैच्या बैठकीत व्याज २८०, ऑगस्टमध्ये २६०, सप्टेंबरमध्ये २४०, ऑक्टोबरमध्ये २२० यायला हवं होतं. शीट प्रत्येक महिन्याला २८० सांगत होतं. ऑगस्टात २० रुपये जादा घेतले, सप्टेंबरात ४०. एकूण ६० रुपये. आक्का शाळेत गेलेल्या नाहीत. पण स्वतःच्या कर्जाचा आकडा त्यांना कायम तोंडपाठ असतो, आणि व्याज दर महिन्याला वीस-वीस रुपयांनी उतरतं हे त्यांना मागच्या कर्जापासून माहीत होतं. १४ वह्या, एक शीट, दोन शिकलेल्या पोरी, आणि चूक त्यांनी पकडली.

वहीत का दिसली नाही, हा साहजिक प्रश्न. मुद्दल वहीत बरोबरच होतं. पण शीट आल्यापासून व्याजाचा आकडा लेखनिका मोबाईलवर बघून वहीत उतरवू लागल्या होत्या. त्यामुळे पडताळणीसाठी असलेली वही त्या एका रकान्यापुरती शीटची नक्कल झाली होती. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप घडलं.

चूक कशी झाली ते त्या रात्री संगणकावर बसून शोधलं. आक्कांच्या शिलकीच्या सेलवर उजवी कळ दाबून त्या सेलचा बदलांचा इतिहास उघडला. जूनच्या शेवटी एका रात्री तिथलं सूत्र जाऊन नुसता आकडा आला होता: १४,०००. सेलमध्ये पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात. सूत्रातून आलेले १४,००० आणि हाताने लिहिलेले १४,००० यांत डोळ्याला काही फरक नाही. पण पहिला पुढच्या महिन्यात १३,००० होतो आणि दुसरा जन्मभर १४,००० राहतो. जूनमध्ये तो आकडा बरोबर होता. म्हणूनच जूनच्या तपासणीत तो कुणाला खटकला नाही.

इतिहासात नाव दिसलं ते आक्कांच्या गटाच्या लेखनिकेच्या आठवीतल्या मुलाचं.

दुसऱ्या दिवशी हे कळल्यावर दोघी-तिघी म्हणाल्या की पोराने खेळता खेळता काहीतरी दाबलं असणार. लेखनिक ताई उभी राहिली आणि म्हणाली, "त्यानं नाही, मी लिहिलंय." तिने सांगितलं ते असं: जूनची आक्कांची परतफेड तिने चुकून खालच्या ओळीत लिहिली. त्यामुळे आक्कांची शिल्लक १५,००० दिसायला लागली. वहीत १४,०००. शीट चुकतंय असं वाटून तिने शिलकीच्या सेलमध्ये १४,००० लिहिले. मग चुकीची ओळ लक्षात आली, ती परतफेड योग्य ओळीत नेली. आता सगळं जुळत होतं, म्हणून ती निवांत झोपली. मुलाचं नाव आलं कारण मोबाईल घरातला एकच, आणि त्यावरचं ईमेल खातं मुलाच्या शाळेसाठी उघडलेलं होतं. फाईल आम्ही त्याच पत्त्यावर शेअर केली होती.

तिने जे केलं ते वही लिहिणारी कुणीही बाई करेल. वहीत आकडा चुकला की त्यावर काट मारून बरोबर आकडा लिहितात. शिलकीचा रकाना हा लिहायचा रकानाच नाही, हे तिला शीटने कुठेच सांगितलं नव्हतं. आणि शीट मी बनवलं होतं.

सगळ्या टॅबमधली सूत्रं उघडी करून बघितली. कंट्रोल दाबून आकड्यांच्या ओळीतलं १ च्या डावीकडचं बटण दाबलं की सेलमध्ये उत्तराऐवजी सूत्र दिसतं. असे उडालेले आणखी ६ सेल सापडले, वेगवेगळ्या गटांत. त्यातल्या चार सेलमधले आकडे योगायोगाने अजून बरोबर होते, कारण त्या बायकांनी नंतर परतफेडच केली नव्हती.

चुकीचं कुलूप

अध्यक्ष ताई संतापल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही. "सगळं लॉक कर. तुझ्याशिवाय कुणाचा हात लागायला नको." ठराव झाला. मी घरी येऊन डेटा मेनूतलं 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' उघडलं, एकेक टॅब निवडला, आणि परवानगीत 'ओन्ली यू' केलं. १५ टॅब, अर्धा तास. मोठं काम केल्यासारखं वाटलं.

पुढचे दोन महिने हे झालं. लेखनिकांना आकडे भरता येईनात, म्हणून त्या व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानांचे फोटो पाठवू लागल्या. मी ते बघून टाइप करायचे. म्हणजे ज्या कामातून सुटायला शीट आणलं होतं, ते काम पुन्हा माझ्याकडे आलं, आणि आता वही हातात नाही, फोटो. एका गटात एकीची परतफेड ४५० होती, मी ५४० लिहिली. दुसऱ्या एका गटाच्या वहीच्या दुसऱ्या पानाचा फोटो आलाच नाही आणि तो आला नाही हे मला कळलं नाही, कारण पहिल्या पानाखाली बेरीज नव्हती.

तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. एका गटाच्या लेखनिकेला कुलूप अपमानासारखं लागलं. चूक दुसऱ्या गटात झाली आणि हात आपले बांधले, असं तिला वाटलं, आणि ते चुकीचं नव्हतं. तिने फाईलची प्रत काढली. ज्याला फाईल बघता येते त्याला सहसा प्रतही काढता येते, आणि प्रतीचा मालक तो स्वतः. मूळ फाईलमधलं कुलूप त्याला तिथे अडवत नाही. ती आपल्या प्रतीत आकडे भरत राहिली, नेटाने आणि बिनचूक. डिसेंबरात तिच्या गटाचं बँकेचं कर्ज नव्याने करायचं होतं. बँकेने अंतर्गत कर्जाची येणे बाकी मागितली. तिच्या प्रतीत १,१८,५०० आणि ग्रामसंघाच्या शीटमध्ये १,२१,०००. फरक २,५०० चा, तोच न आलेल्या पानाचा. खरा आकडा तिचा होता, आणि ग्रामसंघाच्या सह्या माझ्या आकड्याखाली होत्या.

कुलूप लावण्याआधी एका आकड्यामुळे एका बाईचे ६० रुपये जादा गेले होते. कुलूप लावल्यावर एकाच गटाचे दोन हिशेब तयार झाले.

पाटीवर लिहिलेली वाटणी

डिसेंबरच्या शेवटी ग्रामसंघाची खास बैठक घेतली, १४ लेखनिकांसह. संगणक मुद्दाम नेला नाही. फळ्यावर शीटचे रकाने लिहिले आणि प्रत्येक रकान्याखाली तीन प्रश्न: हा आकडा कोण लिहिणार, कधीपर्यंत लिहिणार, आणि त्यानंतर बदलायचा झाला तर कुणाच्या परवानगीने.

अडीच तास लागले. माझ्या मते सेल लॉक करायच्या कामाचा नव्वद टक्के भाग तेवढाच आहे, मेनूतली बटणं उरलेला. वाद झाला तो नव्या कर्जाच्या रकान्यावर. लेखनिकांचं म्हणणं, कर्ज गटात मंजूर होतं तर आकडा आम्हीच लिहिणार. कोषाध्यक्ष ताईंचं म्हणणं, ठराव झाल्याशिवाय कर्जाचा आकडा शीटमध्ये दिसता कामा नये, कारण तो दिसला की पैसे दिले असं सगळे धरून चालतात. शेवटी ठरलं की लेखनिकेने ठराव क्रमांक कळवायचा आणि आकडा कोषाध्यक्षांनी लिहायचा.

मग प्रश्न आला, किल्ली कुणाकडे. मी गृहीत धरलं होतं की माझ्याकडे. तेव्हा आक्का बोलल्या. त्या आता कोणत्याच पदावर नाहीत, पण गाव सुरुवातीला पहिला गट बांधत होतं तेव्हापासूनच्या आहेत. "आमच्या टायमाला पैशाची पेटी एकीकडं असायची आन् किल्ली दुसरीकडं. पेटी उघडायची ती समद्यांच्या म्होरं. आता काय झालं?"

गटात वावरलेल्या प्रत्येक बाईला ही रीत माहीत आहे. रोख पेटी जिच्या घरी, तिच्याकडे किल्ली नसते. त्यात कुणावर अविश्वास नाही, उलट जिच्या घरी पेटी आहे तिच्यावर कधी आळ येऊ नये म्हणून ती सोय आहे. शीटमध्ये मी नेमकं उलटं केलं होतं. आकडे लिहिणारी मी, तपासणारी मी, सूत्रं बदलू शकणारी मी, आणि फाईलही माझ्या खासगी खात्यात. गूगल शीटमध्ये फाईलच्या मालकाला कोणत्याही सेलमधून बाहेर ठेवता येत नाही. मालक कोण, यावर बाकीची सगळी कुलपं उभी असतात, आणि त्याचा मी विचारच केला नव्हता.

नंतर जे बांधलं ते असं. ग्रामसंघाच्या नावाने वेगळं ईमेल खातं उघडलं आणि फाईलची मालकी त्या खात्याकडे दिली. खात्याचा पासवर्ड कोषाध्यक्षांकडे बंद पाकिटात. खात्यात शिरताना जो दुसरा टप्पा असतो, मोबाईलवर येणारा आकडा टाकायचा, तो मोबाईल नंबर सचिव ताईंचा. दोघी समोर असल्याशिवाय मालकाचं खातं उघडत नाही. माझ्या खात्याला बाकीच्या सगळ्यांसारखंच संपादनाचं निमंत्रण आहे, आणि सूत्रांच्या सेलला आज माझाही हात लागत नाही.

प्रत्येक गटाच्या टॅबला दोन थर आहेत. पहिला थर: सगळं शीटच संरक्षित, आणि 'एक्सेप्ट सर्टन सेल्स' या पर्यायातून फक्त चालू महिन्याचा रकाना आणि खालचे रोख-बँक शिलकीचे दोन सेल मोकळे. इथे बरेच जण थांबतात, आणि इथेच एक भोक राहतं. असे सोडलेले सेल फाईल संपादित करू शकणाऱ्या सगळ्यांनाच मोकळे असतात. म्हणजे तीन नंबरच्या गटाची लेखनिक सात नंबरच्या गटात लिहू शकते. मोबाईलच्या छोट्या पडद्यावर टॅब चुकणं तर रोजचं. म्हणून दुसरा थर: त्या मोकळ्या सेलवर वेगळं रेंजचं, म्हणजे निवडलेल्या सेलपुरतं, संरक्षण, त्यात नावं फक्त दोन, त्या गटाची लेखनिक आणि तिची बदली बाई. नव्या कर्जाचा रकानाही असाच, फक्त कोषाध्यक्षांना मोकळा. रेंजला नाव देता येतं, ते आम्ही मराठीत स्पष्ट लिहितो: 'गट ७, चालू महिना'.

लिहायचे सेल पिवळे, कुलपातले राखाडी. हे फार साधं आहे, पण लेखनिकांना सगळ्यात जास्त उपयोग याचाच झाला. बोट लावल्यावर 'हा सेल संरक्षित आहे' असा नकार येण्याआधीच डोळ्याला कळतं की इथे आपलं काम नाही. जूनच्या त्या रात्री शिलकीचा सेल राखाडी असता, तर ताईने आधी परतफेडीच्या ओळीकडे बघितलं असतं.

मासिक बैठकीत १४ वह्या आणि शीट यांची बेरीज जुळवली, सह्या झाल्या, की तिथेच दोघींसमोर मालकाचं खातं उघडून मोकळा रकाना एक घर उजवीकडे सरकवायचा. १४ टॅब, प्रत्येकात दोन ठिकाणी बदल. आपोआप करायची सोय लिहून घेता आली असती. आम्ही ती मुद्दाम टाळली. महिना बंद होतो तो सह्या होतात म्हणून, आणि बायकांनी तो बंद होताना बघावा असं मला वाटतं. मागच्या महिन्यात चूक सापडली तर तो रकाना उघडत नाही. परतफेडीच्या शेवटी 'दुरुस्ती' नावाचा एक रकाना घातला आहे, तो बेरजेत धरला जातो, आणि त्याच्या शेजारी ठराव क्रमांक लिहावा लागतो.

व्याज आता वहीत आधी काढायचं आणि मग शीटशी ताडायचं, हे सुद्धा त्याच बैठकीत ठरलं. शीटमधलं कुठलंही कुलूप त्याची जागा घेऊ शकत नाही.

कुलपाने जे अडवलं नाही

फेब्रुवारीत गोषवाऱ्यात एका गटाची बँक शिल्लक आणि हातातली रोख सारखीच दिसली. सूत्रं कुलपात होती, तरी सूत्र बदललं होतं. मला पहिल्यांदा विश्वासच बसेना. झालं होतं असं: लेखनिकेने रोख रक्कम चुकून बँकेच्या पिवळ्या सेलमध्ये लिहिली. लक्षात आल्यावर तिने तो आकडा कापून रोखीच्या सेलमध्ये चिकटवला आणि बँकेच्या सेलमध्ये बँकेचा आकडा लिहिला. दोन्ही सेल तिचेच, दोन्ही मोकळे, तिचं काहीच चुकलं नाही. पण सेल कापून दुसरीकडे चिकटवला की त्याच्याकडे बघणारी सूत्रं त्याच्यामागोमाग जातात. गोषवाऱ्यातलं बँकेचं सूत्र आता रोखीच्या सेलकडे बघत होतं. कुलपाने सूत्रावर कुणाला टाइप करू दिलं नाही, पण सूत्र ज्याच्याकडे बोट दाखवतं ती जागाच हलली, आणि ते कुलपाच्या कक्षेत येत नाही.

उपाय दोन केले. गोषवाऱ्यातली सूत्रं 'इनडायरेक्ट' वापरून लिहिली. त्यात सेलचा पत्ता अवतरणात नुसता मजकूर म्हणून असतो, त्यामुळे तो कशामागोमाग जात नाही. एरवी मी हे कुणाला सुचवणार नाही, कारण मध्ये ओळ घातली तर असं सूत्र जुन्याच पत्त्यावर बसून राहतं. आमच्या टॅबमध्ये कुणाला ओळ घालताच येत नाही, म्हणून इथे ते चालतं. दुसरा उपाय तोंडी: कापायचं-चिकटवायचं नाही, पुसायचं आणि पुन्हा लिहायचं. लेखनिकांनी तो लगेच उचलला.

परतफेडीच्या सेलवर डेटा व्हॅलिडेशनही लावलं. शून्यापेक्षा कमी आणि सुरुवातीची बाकी अधिक नवं कर्ज यापेक्षा जास्त आकडा नाकारायचा. त्याने एखादं शून्य जास्त पडलं तर ते पकडलं जातं. ४५० चे ५४० त्याने पकडले नसते. ते पकडायला वही आणि बेरीजच लागते.

आणखी एक गोष्ट साफसफाई करताना सापडली आणि तिने मला अस्वस्थ केलं. तीन टॅबमध्ये उजवीकडे लपवलेले रकाने होते, त्यात सभासदांचे आधार क्रमांक आणि बँक खाते क्रमांक. कधीतरी कुठल्यातरी अर्जासाठी गोळा केलेले, मग 'लपवले आणि लॉक केले' म्हणून सुरक्षित समजलेले. लॉक केलेला सेल बदलता येत नाही, पण वाचता येतो, त्याची नक्कल आणि छपाई करता येते. लपवलेला रकाना प्रतीत सहज उघडतो. गूगलच्या मदतीच्या पानावरच स्पष्ट लिहिलं आहे की संरक्षित रेंज ही सुरक्षेची सोय म्हणून वापरू नका. ते रकाने आम्ही त्याच दिवशी काढले. पण जुन्या आवृत्त्या इतिहासात राहतात, म्हणून शेवटी फाईलच नवी केली आणि जुनी फाईल सगळ्यांच्या शेअरिंगमधून काढून घेतली. ही माहिती आता कागदावर, ग्रामसंघाच्या कपाटात आहे.

प्रभागसंघात, म्हणजे अनेक ग्रामसंघांच्या मिळून बनलेल्या संघात, एक्सेल वापरतात, तिथल्या लेखापाल ताईंनी आमचं बघून त्यांच्या फाईलला कुलूप लावायला घेतलं आणि सगळंच बंद झालं म्हणून फोन केला. एक्सेलची रीत वेगळी आहे. तिथे प्रत्येक सेल जन्मतःच 'लॉक्ड' असतो, फक्त ते कुलूप झोपलेलं असतं. रिव्ह्यू मेनूतून 'प्रोटेक्ट शीट' केलं की एकदम सगळी कुलपं जागी होतात. म्हणून आधी लिहायचे सेल निवडायचे, कंट्रोल आणि १ दाबायचं, प्रोटेक्शनच्या पानावर 'लॉक्ड'ची खूण काढायची, आणि मग शीट संरक्षित करायचं. त्यांना पुढे आलेली अडचण मला माहीत नव्हती: कुलपातला एक सेल कॉपी करून मोकळ्या सेलवर साधा पेस्ट केला की मजकुराबरोबर कुलूपही येतं, आणि मोकळा सेल बंद होतो. फक्त मूल्य पेस्ट केलं तर येत नाही. त्यांनी शीटचा पासवर्डही अवघड ठेवला होता. त्यावर विसंबू नका एवढंच मी सांगितलं, कारण शीटचं संरक्षण चुकून होणारा बदल टाळण्यापुरतं आहे, जाणकार माणूस ते काढू शकतो. फाईल उघडायलाच पासवर्ड लावणं ही वेगळी गोष्ट, त्यात फाईल खरोखर कूटबद्ध होते, आणि तो पासवर्ड विसरला तर मायक्रोसॉफ्टसुद्धा तो परत मिळवून देऊ शकत नाही.

खात्याचं नाव

हे कुलूप ईमेल खात्यावर चालतं, म्हणून प्रत्येक लेखनिकेचं स्वतःचं खातं हवं. आमच्याकडे १४ पैकी ५ जणींचं होतं. बाकीच्या नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या खात्यावरून भरत होत्या. एप्रिलपासून त्यांनी शीटमध्ये केलेल्या कामावर इतिहासात दुसऱ्याचं नाव होतं. चूक झाली तर मुलावर आळ, आणि काम चोख झालं तर कुणालाच त्यांचं नाव दिसणार नाही. मला ही या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी दुरुस्ती वाटते, जरी ती तंत्राच्या पुस्तकात सेल लॉक करण्याखाली येत नाही.

जानेवारीच्या दोन दुपारी मंदिराच्या मागच्या खोलीत बसून आम्ही खाती उघडली. त्याच मोबाईलवर दुसरं खातं ठेवता येतं, आणि शीट उघडल्यावर वरच्या कोपऱ्यातल्या गोलावर आपलं अक्षर आहे का ते बघायचं, मग लिहायला बसायचं. सुरुवातीला खूप गोंधळ झाला. मुलाच्या खात्यातून फाईल उघडली की काहीच लिहिता येत नाही, आणि रात्री नऊला मला फोन. महिन्याभरात फोन थांबले.

ज्या ताईने सेल उडवला होता, तिला आता दुसऱ्या गटाची बदली लेखनिक म्हणून नेमलं आहे. तिने स्वतःहून मागितलं होतं. प्रत काढणाऱ्या लेखनिकेची प्रत तपासून तिचेच आकडे आम्ही मूळ शीटमध्ये घेतले आणि तसा ठराव लिहिला.

आक्कांचे ६० रुपये ऑक्टोबरातच वळते केले होते. त्या महिन्याचं व्याज २२०, त्यातून ६० वजा, त्यांनी १६० भरले. पावती मी लिहिली. त्यांनी ती सुनेकडून दोनदा वाचून घेतली आणि मग कनवटीला लावली.

दोन लेखनिकांकडे अजून घरात एकच मोबाईल आहे आणि तो दिवसभर शेतावर जातो. त्यांच्या गटांचा रकाना आम्ही बैठकीनंतर आणखी दोन दिवस मोकळा ठेवतो. तेवढ्यासाठी कोषाध्यक्ष आणि सचिव ताईंना महिन्यातून दुसऱ्यांदा एकत्र यावं लागतं. अजून तरी त्या येतात.